भिकूच्या परतीचं गाऱ्हाणं

"बा देवा महाराजा! समुद्रापल्याड गेलेलो आमचो भिकू सुखरूप घराक येऊंदे रे महाराजा!"

भाऊकाकांनी असं गाऱ्हाणं ठोकलं, की मॉरिशसच्या बंदरातली जहाजं नांगर तोडून थेट मालवणकडे वळतात की काय, असं मला वाटलं. "व्हय महाराजा!" म्हणायला एकटा मीच होतो. तेही हळूच म्हटलं, कारण आम्ही त्याच बंदरावरच्या संग्रहालयात उभे होतो. उसाच्या मळ्यांत राबायला आणलेली माणसं एके काळी इथल्याच काळ्या दगडी पायऱ्यांवर उतरायची. काकांच्या पणजोबांचा धाकटा भाऊ भिकू त्यांतलाच.

तो गेल्याचं घरी कुणी कळवलं नाही, म्हणून घराने त्याला मरूच दिलं नाही. त्याच्या बायकोने शेवटपर्यंत कुंकू लावलं. अजूनही दर वर्षी देवापुढे त्याला परत मागतात. आजच्या हिशेबाने भिकूचं वय कासवांनाही लाजवेल, असं मी एरवी हसत सांगतो. तिथे हसू आलं नाही. झिजलेल्या दगडावरून पावलं आली की गेली, हे कळत नाही. आमचं घर मात्र परतणाऱ्या पावलांकडेच कान लावून बसलेलं.

संग्रहालय दाखवणारी मुलगी मॉरिशसमध्येच पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या मराठी घरातली होती. काका डोळे पुसत तिला म्हणाले, "गो बाय, तू पण म्हण, व्हय महाराजा! देवाक आणखी एक आवाज जाऊंदे."

"मी नाही म्हणणार, काका," ती म्हणाली. "ती माणसं परत गेली असती, तर आम्ही नसतो."