पंख्याचा पट्टा

हे मी घरात कधी बोललो नाही. डेपोतल्या दोस्तांसमोर, पोटात दारू असतानाही नाही. आता निवृत्त होऊन बसलोय, गुडघे दुखतात, झोप तुटक येते — आणि वाटतं, तुम्हाला तरी सांगावं. तुम्ही मला ओळखत नाही. म्हणून जमेल कदाचित.

मी ड्रायव्हर होतो. जव्हारहून वांगणीच्या पलीकडे एका पाड्यावर मुक्कामी गाडी जायची. संध्याकाळी न्यायची, रात्री तिथंच झोपायचं, सकाळी माणसं भरून जव्हारला परत. गाडी मूळची लांब पल्ल्याची, निमआराम. उमेदीच्या काळात मुंबई-नाशिक धावलेली. जुनी झाली तशी तिच्या मऊ सीटा काढल्या, कडक बसवल्या आणि आमच्याकडे पाठवली. इंजिन पुढे, माझ्या डाव्या हाताला, पत्र्याच्या मोठ्या झाकणाखाली. थंडीत म्हाताऱ्या बायका त्या झाकणाला पाठ लावून बसायच्या. सहा सिलिंडरचं जुनं इंजिन — आवाज फार, वेग नाही, पण ओढ अशी, की दुसऱ्या गिअरमध्ये शांतपणे सोडलं तर भरलेली गाडी घाट चढायची. त्या इंजिनाने मला एकदाही दगा दिला नाही.

मीच कंटाळलो होतो. गाडीतच झोपायचं, डास, आखडलेली पाठ. त्यात डेपोत नवी गाडी आली. इंजिन मागे, बंद काचा, खड्ड्यातून गेली तरी पोटातलं पाणी न हलवणारी. लांबच्या रूटची. मला ती हवी होती. पण मुक्कामी फेरी चालू होती तोवर साहेब मला हलवणार नव्हते. त्या रस्त्याला दुसरं कोण तयार होणार?

पाड्यावर बुधीबाई होती. रात्री मला बोलावून नाचणीची भाकरी आणि उडदाची आमटी वाढायची. न मागता. तिची मुलगी सुरेखा माझ्याच गाडीने जव्हारला कॉलेजात यायची, पुढच्या सीटवर बसून वाटभर वाचायची. हे सगळं मला माहीत होतं — माहीत नव्हतं असं म्हणायची सोय नाही.

उन्हाळ्यात फेरीची चाचणी ठरली. नव्या लांब गाड्या त्या वळणांवर बसत नव्हत्या. जुनीचं वय झालं होतं, साहेबांना तिचा भरवसा वाटेना; भरलेली चढली तर फेरी राहील, नाहीतर बंद. वर्कशॉपचे एक हेडमेकॅनिक सोबत येणार होते.

त्या सकाळी मी त्यांच्या आधी डेपोत गेलो. झाकण उघडलं. आणि — पाना लावून पंख्याचा पट्टा ढिला केला. थोडासाच. पट्टा घसरला की पंखा मंदावतो, पाणी नीट फिरत नाही, इंजिन तापतं. बस, एवढंच केलं मी. एवढंच?

"पट्टा बघितलास?" हेडमेकॅनिकनी विचारलं.

"बघितला. ठीक आहे."

त्यांनी वाकून पाहिलं नाही. माझ्यावर भरवसा होता त्यांचा.

घाटात मी मुद्दाम दुसरा गिअर टाकलाच नाही, तिसऱ्यातच रेटत राहिलो. इंजिन धडधडायला लागलं, कण्हल्यासारखं. पाड्याच्या खालच्या वळणावर वाफ उसळली. मी गाडी थांबवली.

वरून लोकांनी वाफ पाहिली. आणि बायका खाली यायला लागल्या — डोक्यावर हंडे घेऊन. त्या दिवसांत तिथल्या विहिरीच्या तळाशी वाटीवाटीने पाणी भरतात, तुम्हाला सांगतो. पहाटेपासून बसून भरलेलं ते पाणी. तापलेल्या इंजिनात लगेच ओतता येत नाही, म्हणून मी त्यांना थांबायला सांगितलं. त्या उन्हात थांबल्या. मग एकेक हंडा रिकामा झाला. शेवटचा बुधीबाईचा.

"डायवरदादा, आजून आनू का पानी? चढंल ना गाडी?"

तिच्या घरी अजून पाणी होतं की नाही, मला माहीत नाही. मी म्हणालो, "नको बाय. म्हातारी झाली ती. नाही चढायची आता."

हेडमेकॅनिकनी मान हलवली; पट्ट्याकडे तेव्हाही पाहिलं नाही.

फेरी बंद झाली. डेपोत परत आल्यावर मी पट्टा घट्ट केला, हात पुसले, घरी गेलो. पावसाळ्याआधी मला नवी गाडी मिळाली. निवृत्तीपर्यंत तीच चालवली. इंजिन इतकं मागे, की आवाज कधी कानावर आलाच नाही.

गेल्या वर्षी जव्हारच्या बाजारात बुधीबाईने मला ओळखलं. थकली आहे. सुरेखाचं विचारलं. कॉलेज त्याच वर्षी सुटलं, म्हणाली. एवढं रोज कोन चालंल? मग भिवंडीकडे वीटभट्टीवर गेली, तिकडेच लग्न झालं. पोरं आहेत. तिच्या बोलण्यात तक्रार नव्हती. मी खाली बघत होतो, तर तीच माझी समजूत घालायला लागली.

"तू काय करशील रं? तू लय प्रयत्न केला आमच्यासाठी. गाडीच म्हातारी झालेली."

मी म्हणालो, "हो. गाडीच म्हातारी झाली होती."

तिने पिशवी उचलली आणि गेली.