भावाच्या चार मात्रा

इकडे आखातात, रोल्लाच्या बागेत दर शुक्रवारी संध्याकाळी एक सीरियन म्हातारा दरबुका घेऊन बसायचा. पेल्याच्या आकाराचं ते वाद्य मांडीवर आडवं धरून तो बोटांनी वाजवायचा आणि मध्येच हात उचलून चार मात्रा थांबायचा. एकदा मी विचारलंच, "चाचा, रुकते क्यों हो?"

"इधर मेरा भाई बजाता है."

भाऊ कुठे असतो, हे विचारायचा धीर मला झाला नाही. गावाकडे मीही ढोलकी वाजवलेली. तो पुन्हा थांबला, तेव्हा न राहवून मी बाकावर ताल धरला. त्याने माझ्या हातावर हळूच हात ठेवला.

"नहीं हबीबी. वो बजा रहा है."

मी हात मागे घेतला. मग आम्ही दोघंही ऐकत राहिलो.