भाऊजींचं नऊवारी लुगडं

पुण्यात हल्ली ज्याला दुसरं काही जमत नाही तो घरात हातमाग मांडतो. मीही मांडला आहे. त्यामुळे अकोल्याहून मावसबहिणीच्या यजमानांचा निरोप आला, "लेकीच्या लग्नाचं लुगडं मी सोता विणून राहिलो, अमरावतीचे काठ पाहून या," तेव्हा मी एका पायावर तयार झाले. भाऊजी पेशाने वकील. विणकाम शिकून त्यांना तब्बल एक पावसाळा झाला होता.

बडनेऱ्याला गाडी बदलून अमरावतीला उतरले. मध्यप्रांत सरकार वऱ्हाडाला दुसरं काही देवो न देवो, ऊन सढळ हाताने देतं. बाजारात वलगावची एक माळीण वांगी घेऊन बसली होती. तिच्या लुगड्याचा रुईफुली काठ (रुईच्या फुलांची नक्षी) पाहून मी समोरच बसकण मारली आणि तो कागदावर उतरवू लागले.

"बाई, काहून पाहून राहिल्या माह्या लुगड्याकडे?"

"काठ फार सुरेख आहे."

"काठ फुकट पाहता, अन् वांगे कोन घेनार?"

वांगी घेतली. मग तिनं पदर ऐसपैस पसरला. "आता पाहा पोटभर." पुण्याच्या दुकानदारांनी इतकी माणुसकी मला कधी दाखवली नाही.

अकोल्याला भाऊजींनी चहाच्या आधी माग दाखवला. लुगडं मागावरून उतरायलाच आलं होतं. काठाचे धागे ताण्यात (उभ्या धाग्यांत) सुरुवातीलाच घालावे लागतात, हे त्यांना निरोप धाडल्यावर आठवलं होतं म्हणे. शिवाय प्रत्येक आडवा धागा ते असा ठोकत, जणू समोर विरुद्ध पक्षाचा साक्षीदार उभा आहे. लुगड्याला हात लावून पाहिला, तर सतरंजी!

जेवायला रोडगे (निखाऱ्यांत भाजलेले कणकेचे गोळे) आणि माझीच वांगी. वाढता वाढता नवरी मुलगी, कमळ, कुजबुजली, "मावशी, ते नेसून मांडवात बसली त मले उठता येनार नाही. तुमी बाबाले समजवा ना."

जेवणं उरकताच मी मागापाशी गेले. भाऊजी ताणलेलं कापडच मोजत होते. नऊ वार भरले, असं त्यांनी जाहीर केलं.

"भाऊजी, ताण सैल करून मोजा. मागावरून उतरलं की कापड आखडतं."

"वकिलाले मोजमाप शिकवता का, ताई?"

झालं! कमळचं गाऱ्हाणं माझ्या तोंडातच राहिलं. संध्याकाळी वकीलमित्रांना पेढे खायला बोलावून त्यांनी कात्री चालवली. कापड सुटलं, आखडलं आणि हातभर कमी भरलं. काष्ट्याला पुरेना. मित्रांना एकाएकी घरची कामं आठवली.

भाऊजी कापडाची घडी घालत राहिले. मग कमळकडे न बघता म्हणाले, "तुह्या मनासारखं झालं, माय."

म्हणजे जेवतानाचं कुजबुजणं त्यांनी ऐकलं होतं! कमळ रडू लागली. मग तिनंच ते कापड छातीशी धरलं. "बाबा, याचा अंतरपाट करा. नवरदेवाले याच्यातून मी काय, सूर्यबी दिसनार नाही."

भाऊजी हसले, पण डोळे पुसत.

दुसऱ्या दिवशी ते मला गाडीवर पोचवायला आले. गाडी हलता हलता खिडकीपाशी येऊन म्हणाले, "ताई, लग्नाले याच. अन् भटजीले तुमीच सांगा, अंतरपाट जरा उशिरा काढजा म्हना."

पुण्याच्या हौशी विणकर बायका आता विचारतील, वऱ्हाडातून काय शिकून आलात? ताण सैल करून मोजा, एवढं सांगेन. भाऊजींचं खिडकीपाशीचं बोलणं मात्र सांगणार नाही. सांगताना माझा आवाज धड राहायचा नाही.