एका बुटाला खळ

पहाटेचं फिरणं मी घड्याळ लावून उरकतो, त्यामुळे उमरेड रोडवर पळणारा एक विणकर रोज पुलापाशीच भेटे. कापडगिरणीने ठेवलेल्या रविवारच्या लांब शर्यतीत पहिल्या तिघांत आला, तर त्याला तिथे नोकरी मिळणार होती. नवे कॅनव्हासचे बूट तो पळून पारखत होता. उजवा बूट मऊ, डावा पांढरट आणि ताठ.

"डाव्याले काय लावलं गा?" मी विचारलं.

"खळ. सुताले लावतो तीच, भाताची. कापड ढिलं नाही पडत."

"मग उजव्याले काहून नाही?"

"दोन्हीले लावली तं फरक कसा समजंल, भाऊ?"

गुरुवारी तो पुलाच्या कठड्यावर बसला होता. घामाने खळ चिकट होऊन डावी टाच सोलून निघाली होती. टाचेकडे न बघता तो बुटाचं कापड चिमटीत चोळत होता.

"सुताले घाम नाही येत, हे ध्यानातच नाही आलं," तो म्हणाला. "पण उजवा पास झाला."

रविवारी शर्यत संपायच्या जागी मी उभा होतो. तो आला तेव्हा उजव्या पायात बूट होता, डाव्याला नुसती पट्टी. त्याच्याआधी किती पोहोचले, ते मी मोजलं होतं. दोघेच.