दंडांना न कळवता

स्वतःच्या दंडांपासून गुपितं राखणारा माणूस साऱ्या सोलापुरात एकच आहे, आणि तो नेमका माझा साडू निघावा, हा माझ्या पत्रिकेचाच दोष म्हणायचा. पन्नाशी गाठेपर्यंत या गृहस्थाने चहाच्या कपाहून जड काही उचललेलं मी पाहिलं नव्हतं. मग आमच्या सासऱ्यांचे गुडघे गेले. सासरे साडूंकडेच असतात. खाली सासऱ्यांचं जुनं चादरी-टॉवेलचं दुकान, वर घर, आणि मधला जिना इतका अरुंद की खुर्चीत बसवून उतरवावं तर खुर्चीच वळत नाही. खालचं गिऱ्हाईक बोललेलं वर ऐकू यायचं आणि सासरे पलंगावरूनच भाव ओरडायचे. "एकदा खाली दुकानाच्या गादीवर बसू द्या की मला," एवढंच त्यांचं मागणं. साडू छाती फुगवून म्हणाले, "मामा, मी पाठीवर घिऊन जातो तुमाला!" दुसऱ्याच पायरीवर त्यांचे पाय लटपटले आणि ते मटकन बसले. पाठीवरचे सासरे वरच्या पायरीवर टेकले आणि म्हणाले, "ऱ्हाऊ द्या जावईबापू. वरच बरं हाय मला." ते ऐकून साडूंचा चेहरा असा उतरला की मला हसूही येईना.

दुसऱ्या दिवशी त्यांनी जिम लावली. तिथवर ठीक होतं; पण त्यांनी मोबाईलवर कुठंतरी वाचलं की स्नायूंना सवय लागली की ते आळशी होतात, त्यांना कायम गोंधळात ठेवावं. झालं! आज वजनं, उद्या बैठका, परवा दोरीवरच्या उड्या, तेरवा दुकानातले चादरींचे गठ्ठे. मी एकदा सहज विचारलं, "उद्या काय?" तर तोंडावर बोट ठेवून कुजबुजले, "हितं नगं, साडूभाऊ. दंड ऐकत्यात." मी हसलो, आणि का कोण जाणे, पुढचं वाक्य मीही हळू आवाजात बोललो. जिमच्या मास्तरशी ते उद्याचा बेत कानडीत ठरवू लागले. मग ध्यानात आलं की कानडी तर घरचीच भाषा, दंडांना ती लहानपणापासून येते. मास्तर तेलुगू विणकरांच्या घरातला, तेव्हा तेलुगू ठरली. साडूंची तेलुगू सुताचा भाव विचारण्यापुरती. मास्तर बैठका सांगायचा आणि हे दांडीला लोंबकळायचे. दंड गोंधळले की नाही कळायला मार्ग नव्हता, मास्तर मात्र पार चक्रावला. मला गाठून म्हणाला, "काका, सांगा की यांना. रोज पायाचं तेच करा, थोडं थोडं वजन वाढवा. असं रोज नवीन करून ताकद कशी यील?"

मी निरोप पोचवला. साडू म्हणाले, "आन् व्हरायटी? दुकानात एकाच रंगाची चादर ठिवली तर गिऱ्हाईक येतंय का?"

आणि एका रविवारी, आम्ही सगळे जमलेलो असताना, साडूंनी सासऱ्यांना पाठीवर घेतलं आणि सगळा जिना उतरून दाखवला. धाप नाही, थांबणं नाही. सासरे गादीवर बसले, त्यांनी चादरींवरून हात फिरवला. मेहुणीने डोळ्यांना पदर लावला. "जिंकलात साडू!" मी म्हणालो. पण साडू मागच्या फडताळापाशी जाऊन एकाच टॉवेलची पुन्हा पुन्हा घडी करत उभे होते.

"काय झालं?"

"साडूभाऊ, एक कळंना झालंय. मामा पाठीवर हाईत का न्हाईत, तेच कळत नव्हतं मला. माझी ताकद वाढली, का..."

गादीवर सासरे गिऱ्हाइकाला भाव सांगत होते. सदऱ्याच्या बाहीतून त्यांचं मनगट दिसत होतं, नुसतं हाड. मला फार वाईट वाटलं.

"ताकदच वाढली हो," मी म्हणालो.

आता जिम सुटली आहे. साडू रोज सासऱ्यांना खाली नेतात आणि वर आणतात, दुसरा कुठलाही व्यायाम करत नाहीत. हा एकच व्यायाम रोज थोडा सोपा होत चाललाय, आणि त्याचीच त्यांना भीती वाटते.