चौकोन सोडून चुना

आमच्याकडं घट बसायच्या आधी दसरा काढतात. म्हणजे घरातली झाडून सगळी अंथरुणं-पांघरुणं कॅनॉलवर नेऊन धुवायची, डबे घासायचे आणि भिंतींना चुना द्यायचा. घनसावंगीच्या बाजूला जिनं दसरा काढला नाही, त्या बाईला वर्षभर नावं ठेवतात.

मी गावची आशा सेविका. माझं काम याच्या नेमकं उलटं. फवारणीची माणसं भिंतींवर औषध मारून गेली की पुढचे दोन-अडीच महिने त्यावर चुना नाही, माती नाही, काही लावू द्यायचं नाही. मलेरियाचा डास मोठा नखरेल. त्याला गटार चालत नाही, नितळ पाणी लागतं. कॅनॉलचं झिरपणारं, उसाच्या पाटातलं, बैलाच्या खुरानं पडलेल्या खड्ड्यातलं. बसतो बूड वर करून, तीच त्याची ओळख. माणसाचं रक्त प्यायला की जड होतो आणि जवळच्या भिंतीवर टेकतो. तिथं औषध असलं तर मरतो, नसलं तर दुसऱ्याला चावायला मोकळा.

हे मी इतक्या वेळा सांगितलं होतं की बाया मला लांबून बघूनच म्हणायच्या, “आली बूडवाली.” मला त्याचं काही वाटत नसे. पण कुणी म्हणालं की ताप काय, नशिबात असला की येतो, तर माझं डोकं फिरायचं. “ताप नशिबानं येत न्हाई, डासानं येतो,” असं मी सगळ्यांकडून मोठ्यानं म्हणून घ्यायचे.

त्या वर्षी फवारणी आली ती पितृपक्षात. पाऊस सरत आला, तापाची घरं मोजून झाली, तेव्हा यांचे पंप निघाले. वरातीमागून घोडं. मी बोलले तर आरोग्य केंद्रातले साहेब म्हणाले, “आली हे काय कमी आहे?” फवारून झालं की ती माणसं दाराशेजारी गेरूनं एक चौकोन काढून त्यात तारीख घालतात. तपासणीचा साहेब तो चौकोन बघतो आणि घर झालं असं लिहितो. आत जात नाही.

आमच्या घरीही चौकोन आला. मागच्या खोलीत, गोठ्याला लागून, माझी धाकटी जाऊ निजायची. लग्नाला आठ वर्षं झाल्यावर तिला दिवस गेले होते, पाचवा लागला होता. त्या खोलीच्या भिंतींवर औषधाचे पांढरट ओघळ वाळले होते. सासूबाई ते बघून म्हणाल्या, “साऱ्या गावाचा दसरा निघून राह्यला. मंग आपण या डागाळल्या भिंतीत देवी बसवायची का?”

“आत्याबाई, औषध आहे ते. पुसलं की त्याचा गुण गेला.”

“औषध तुझ्या गावाला सांग. माझ्या घरात बिलकुल न्हाई.”

मी भांडायला हवं होतं. पण दिवसभर दारोदार हेच बोलून तोंड दुखलं होतं. आणि खरं सांगायचं तर ते ओघळ मलाही बघवत नव्हते. लोकांच्या भिंतींवर ते ठीक होते. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, ही म्हण माझ्यासाठीच केली असावी.

चुना मीच कालवला. जावेला वास नको म्हणून तिला शेजारी पाठवलं आणि किती काळजी घेतली म्हणून स्वतःवरच खूश झाले. मागची खोली मी स्वतःच्या हातानं दोनदा रंगवली. दाराशेजारी आले तेव्हा मात्र कुंचला आवरला. गेरूच्या चौकोनाला धक्का न लावता चारी बाजूंनी बराबर चुना दिला. तपासणीत आशाच्या घरालाच चौकोन नाही असं निघायला नको होतं.

कोजागिरीनंतर जावेला हुडहुडी भरली. मीच तिचं बोट टोचलं. मलेरियाच्या किटवर दुसरी रेघ उठली. लगेच जीपनं तालुक्याला नेलं, औषध सुरू झालं, ती वाचली. पोट राहिलं नाही. मुलगा होता.

चार दिवसांनी तपासणीचा साहेब आला. दारातच उभा राहून चौकोन बघत म्हणाला, “इथं तर फवारणी झालेली आहे.” मी मान डोलावली. त्यानं लिहिलं. पांढऱ्या भिंतीत तो चौकोन चांगला उठून दिसत होता.

जाऊ आत बाजेवर होती. तिनं ते ऐकलं असणार. संध्याकाळी मी पेज घेऊन गेले तर भिंतीकडं बघत म्हणाली, “अक्का, आपल्या घरात तर औषध मारल्यालं होतं. मंग मलाच कसा ताप आला?”

ती शेजारून आली तेव्हा भिंती वाळून गेल्या होत्या. चुन्यानं काय होतं हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. साऱ्या गावाला सांगणारी मी, तिला सांगायची राहिले होते.

मी पेजेची वाटी तिच्या हातात दिली आणि म्हणाले, “नशीब असतं बाई एकेकाचं.”