व्याह्यांची भेट

सावित्रीच्या उगमापासून बाणकोटच्या खाडीपर्यंत मासे धरणारे पुष्कळ झाले असतील. पण मासा धरल्यावर त्याची माफी मागणारा माणूस एकच झाला, आणि तो नेमका आमच्या नात्यात निघाला. माझ्या थोरल्या बहिणीचे हे चुलत सासरे. बहीण मुंबईत, मी महाडला मास्तर. तेव्हा 'जरा काकांकडे डोकावून ये' हे काम कायमचं माझ्या गळ्यात पडलेलं. काकांची सगळी नोकरी उत्तरेकडच्या पहाडात, एका इंग्रज इंजिनियरच्या हाताखाली झाली. दोरीच्या टोकाला पिसांची खोटी माशी बांधून ती पाण्यावर नाचवायची आणि मासा फसवायचा, हा नाद त्यांना त्या साहेबाने लावला. स्वातंत्र्य आलं, साहेब विलायतेला गेला, काकू पहाडातच वारल्या. आणि एक बांबूची लवलवती काठी, एक फेल्ट हॅट आणि तो नाद, एवढाच संसार घेऊन काका पोलादपूरपलीकडच्या आपल्या वाडीत परतले.

आल्या आल्या त्यांनी वाडीतल्या कोंबड्यांचं जगणं कठीण केलं. माशी बांधायला कोंबड्याच्या मानेचं पीस लागतं, आणि ते जिवंत कोंबड्याचंच हवं असा काकांचा हट्ट. शेजारच्या धोंडूची बायको पारू एकदा कोंबडा काखेत मारूनच अंगणात उभी राहिली. "काका, कोंबडा माजा हाय का तुमचा? मान बगा कशी भुंडी केलीव त्याची!" त्यावर काका हळूच म्हणाले, "अगं, उन्हाळ्यात बरं वाटेल त्याला." जगातल्या प्रत्येक वस्तूकडे ते माशीच्या हिशेबाने बघत. माझ्या बहिणीच्या शालूचे काठ त्यांनी जितके निरखले तितके ते विकणाऱ्या दुकानदारानेही निरखले नसतील. मी केस कापून गेलो की त्यांना हळहळ वाटे. भात कापून खाचरं मोकळी झाली की त्यांत उभे राहून ते तासन्‌तास दोरी फेकायचा सराव करत. वाडीत त्याला 'काका वारा हाणतात' म्हणत. एकदा गळ पोस्टमनच्या टोपीत अडकला. काकांनी सवयीने त्याचीही माफी मागून त्याला सोडून दिलं.

माशांना ऐकू जातं म्हणून काका नदीवर कुजबुजत बोलत. पुढे पुढे ते घरीही कुजबुजायला लागले, कारण घरी मोठ्याने बोलावं असं कुणी नव्हतंच. आणि कुजबुजणाऱ्या, हॅट घालणाऱ्या माणसाच्या ओटीवर येऊन तंबाखू मळत कोण बसणार? माणसं अंगणातूनच रामराम करून पुढे जात. घरात एक पाट, एक ताट. मी गेलो की मला वाढण्यासाठी काका परसातून केळीचं पान कापून आणत, आणि ते पुसताना इतके खूश दिसत की मला जेवण गोड लागत नसे. जेवायला सुकट. नदीचा मासा ते खात नसत. का, विचारलं तर म्हणाले, "ओळखीच्यांना कसं खायचं?" सुकटीतल्या कुणाशी त्यांची ओळख नव्हती.

नदीत मात्र एकाशी फारच होती. वाडीखालच्या डोहात मोठ्या खवल्यांचा एक जुना खडस मासा होता. डावा पर फाटलेला. काका त्याला 'व्याही' म्हणत. "आम्हांला मूलबाळ नाही, तेव्हा व्याही मिळायची दुसरी सोय नव्हती," असं ते मला सांगत आणि स्वतःच हसत. पाऊस संपून पाणी नितळलं की कार्तिकात ही भेट व्हायची. आदल्या दिवशी काका दाढी करत, हॅट झटकत. व्याही कधी पहिल्या दिवशी येत, कधी आठवडाभर मानपान करून घेत. मग काठी वाकायची, दोरी सूंसूं करत पळायची, काका खडकावरून घसरायचे, हॅट वाहून जायची. शेवटी कमरेइतक्या पाण्यात उभं राहून ते दमलेल्या माशाला दोन्ही हातांवर प्रवाहाकडे तोंड करून धरत. त्याचे कल्ले नीट हलायला लागेपर्यंत त्याच्याशी काहीतरी कुजबुजत. मग हात उघडत. तेवढा एक दिवस काकांना वर्षभर पुरायचा.

हे सगळं मला ठाऊक होतं. वाडीला नव्हतं, आणि कुजबुजणाऱ्या माणसाने ते सांगितलंही नव्हतं. काठावरून धोंडूला दिसायचं ते एवढंच, की म्हातारा दरवर्षी जिवाचं रान करून मासा धरतो, आणि दरवर्षी तो हातातून निसटतो.

एका हिवाळ्यात काकांना हिवतापाने धरलं. मी महाडहून औषध घेऊन गेलो, तर सकाळच्या पारी वाडीतली माणसं ओटीवर जमलेली. पुढे धोंडू, चेहरा नुसता फुललेला. त्याने आणि आणखी चौघांनी पहाटे डोहात जाळं लावलं होतं.

"काका, उटा! आनलाय बगा त्याला," तो म्हणाला. "इतकी वर्सं बगताव आमी. धरता नि सुटतो. तुमचं हात थरथरतात, त्याला तुमी तरी काय करनार? आता नाय सुटायचा."

पेंढ्यावर व्याही निजले होते. डावा पर फाटलेला.

मी काही बोलणार, तोच काकांनी माझं मनगट घट्ट धरलं. थोडा वेळ ते माशाकडे बघत राहिले. मग ओटीवरच्या त्या गर्दीकडे बघितलं, आणि मी त्यांच्या तोंडून कधी न ऐकलेल्या खणखणीत आवाजात म्हणाले, "शाबास रे धोंडू! पारूला म्हणावं, चूल पेटव. सगळे इथंच जेवा."

त्या दिवशी परसातली केळीची पानं कमी पडली. पोरं माजघरात नाचली, कुणीतरी हॅट घालून बघितली, पारूने भुंड्या मानेच्या कोंबड्याची गोष्ट साभिनय सांगितली. काका भिंतीला टेकून सगळ्यांना आग्रह करत होते. त्यांच्या पानात धोंडूने डोक्याकडचा तुकडा मानाने वाढला. त्यांनी तो खाल्ला. "कसा लागला?" धोंडूने विचारलं. "गोड आहे," काका म्हणाले, आणि पाणी प्यायले.

संध्याकाळी माणसं आपापल्या घरी गेली. काकांची अडचण एकदाची दूर झाली, या समाधानात दुसऱ्या दिवसापासून पुन्हा अंगणातूनच रामराम करू लागली.

पुढच्या कार्तिकात मी मुद्दाम गेलो, तर काका दाढी करून, हॅट झटकून तयार. वाटेत धोंडू भेटला. "आता कशाला जाता काका? गावला की त्यो!" काका हॅट सावरून पुढे निघाले. डोहावर ते सकाळभर माशी नाचवत राहिले. पाणी हललं नाही. मग काठी खडकाला टेकवून ते कमरेइतक्या पाण्यात शिरले, दोन्ही हात पाण्याखाली घालून प्रवाहाकडे तोंड करून उभे राहिले. ओठ हलत होते. बऱ्याच वेळाने त्यांनी हात उघडले.

गवताचा भारा घेऊन धोंडू वरून चालला होता. तो थांबला.

"सुटला काय वो, काका?"

"सुटला रे," काका मोठ्याने म्हणाले.

धोंडूने भारा खाली टाकला आणि हळहळत, त्यांना हात द्यायला तो पाण्याकडे उतरू लागला.